ओढ्याचा काठ: जाळीची भिंत की मातीचा उतार?

ओढा साफ करायचा, यावर सगळ्यांचं चटकन एकमत होतं. भांडण सुरू होतं ते काठावरून. दगड भरलेल्या तारेच्या जाळ्यांची भिंत, म्हणजे गॅबियन, आणि वर पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक? की मातीचा उतार आणि त्यावर देशी झाडोरा? मैलापाणी आधी ड्रेनेज लाइनकडे वळवावं लागतं, ते दोन्हीकडे सारखंच, म्हणून त्या विषयात मी शिरत नाही. पुण्यात रामनदीला मिळणाऱ्या आमच्या ओढ्यावर वरच्या अंगाला गॅबियन आहे. आमच्या तुकड्यावर आम्ही उतार घेतला.

आधी भिंतीची बाजू. ४ ऑक्टोबर २०१० च्या रात्रीचा रामनदीचा पूर किंवा २५ सप्टेंबर २०१९ चा आंबील ओढ्याचा पूर ज्यांनी भोगला, त्यांना 'झाडं लावा' असं तोंड वर करून सांगता येत नाही. उताराला जागा लागते. तीन मीटर खोल ओढ्याला एकास दोन उतार (एक मीटर खोलीला दोन मीटर आडवी जागा) द्यायचा, तर प्रत्येक काठाला सहा मीटर सोडावे लागतात. घर पाण्यापासून चार पावलांवर असेल तर चर्चा तिथेच संपते. अशा ठिकाणी काँक्रीटपेक्षा गॅबियन बरी, निदान पाणी आरपार पाझरतं. ज्येष्ठांना सपाट ट्रॅक आणि दिवे मिळतात. आमच्या पायवाटेचा पावसाळ्यात चिखल होतो, हेही मान्य.

मला वैताग आणला तो त्या जाळीने. वरच्या अंगाच्या शेजाऱ्यांच्या श्रमदानाला जायचो तेव्हाची गोष्ट. पूर ओसरला की तारेच्या घराघरात पिशव्या, चिंध्या, डायपर, गुटख्याच्या पुड्या अडकलेल्या. ओढलं की अर्धं हातात येतं, अर्धं दगडांमागे राहतं. कात्रीने कापत बसलं तर सकाळभरात जेमतेम दोन-चार जाळ्या होतात, आणि चुकून तार तुटली तर दगड सुटायची भीती. उत्साहाने आलेली पोरं पुढच्या रविवारी फिरकत नाहीत. काठावर चिंध्या लोंबताना दिसल्या की येणारा-जाणारा आणखी एक पिशवी भिरकावायला मोकळा. उतारावरही कचरा झुडपांत अडकतोच, पण तो हाताने निघतो आणि पोत्यात जातो. एवढ्याशा कारणावरून मत बनवू नये असं कुणी म्हणेल, आणि ज्यांच्याकडे रोजचे सफाई कर्मचारी आहेत त्यांचं गणित वेगळंही असेल. आमच्याकडे ते नाहीत.

शाळेची मुलं भिंतीकडे आली की कठड्यावरून वाकून बघतात आणि बाई फलक वाचून दाखवतात. उतारावरून पाण्यापर्यंत जाता येतं. चहाची गाळणी आणि पांढरी ताटली पुरते: गाळात नुसत्या लाल अळ्या निघाल्या तर मैलापाणी अजून कुठून तरी येतंय, चतुराची पिल्लं सापडू लागली तर पाणी सुधारतंय. प्रयोगशाळेतल्या तपासणीची सर याला नाही, पण चौथीतल्या मुलाला कळतं. पक्षी मी मोजलेले नाहीत. पाणकोंबडी आणि हिवाळ्यात धोबी मला आमच्या बाजूला जास्त दिसतात, एवढंच. दिवडही दिसतो. बिनविषारी आहे हे सांगूनही सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी वाद होतो.

उताराचं खरं दुखणं देखभालीचं. पहिली दोन-तीन वर्षं घाणेरी आणि सुबाभूळ उपटत राहावं लागतं. त्याहून तापदायक म्हणजे पावसाळापूर्व नालेसफाई. एका मे महिन्यात जेसीबीवाल्याने गाळाबरोबर आमचा वाळा आणि लव्हाळंही खरवडून नेलं. त्याचं तरी काय चुकलं, त्याच्या लेखी ते गवतच.

सिंगापूरने बिशान पार्कातला २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा काढून २०१२ पर्यंत तिथे ३.२ किलोमीटरची वळणदार नदी केली. तिथला पैसा आणि तिथलं ड्रेनेज आपल्याकडे नाही, म्हणून तुलना फार ताणत नाही. पण बांधून मग फोडण्याचा खर्च आपल्याला तर मुळीच परवडणारा नाही.

एका काठाला रस्ता आणि दुसऱ्याला मोकळी जागा असेल तर रस्त्याकडे भिंत आणि पलीकडे उतार, असंही जमेल. दोन्हीकडे सहा मीटर मिळत असतील तर मी तरी जाळी घेणार नाही. उतार घेतलात तर जेसीबी उतरायची वाट नकाशातच आखून घ्या आणि तिच्या दोन्ही कडांना मोठे दगड रोवा. वाळुंज या पाण्याकाठच्या झाडाच्या फांद्या पावसाच्या तोंडावर ओल्या मातीत खोचल्या तरी मूळ धरतात, त्यामुळे रोपांवरचा खर्च बराच वाचतो.