स्लिप-ऑन की फुल सिस्टिम?

ऑफ-रोड बाइकचा एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर सोडणारी नळी, बदलायचे हे दोन मार्ग. स्लिप-ऑन बसवताना फक्त मागचा मफलर (सायलेन्सर) बदलतो. क्लॅम्प सैल करा, जुना ओढून काढा, नवा सरकवा. काम झटपट उरकतं. वजन घटतं, आवाज भरदार होतो, ताकद मात्र जेमतेम वाढते. फुल सिस्टिममध्ये हेडर पाइपही, म्हणजे इंजिनापासून मफलरपर्यंतची नळीही, नवा. खरा फरक तिथेच पडतो आणि खरी डोकेदुखीही तिथेच: सिलिंडर हेडचे गंजलेले स्टड (हेडर पाइप धरणारे बोल्ट) मोडू शकतात, गॅस्केट नवंच लागतं, शिवाय हवा-इंधनाच्या मिश्रणात इंधन कमी पडू नये म्हणून ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) मॅप, म्हणजे इंधनाचं सेटिंग, किंवा कार्ब्युरेटरचे जेट (इंधन सोडणाऱ्या बारीक तोट्या) बदलावे लागतात. ते टाळलंत तर इंजिन तापणार. शर्यतीत उतरायचं नसेल तर मी स्लिप-ऑनच घेईन. कोरड्या रानात जाणार असाल तर स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारी जाळी) मात्र दोन्हींत हवाच.