क्रॉस स्टिचच्या दोऱ्याचा ‘सुई’ हिशोब: काही महिने वापरल्यानंतर

क्रॉस स्टिचला, म्हणजे फुलीच्या टाक्यांच्या भरतकामाला, दोरा किती लागेल? फोनवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये एकूण टाके, कापडाचा काउंट (एका इंचात किती घरं) आणि पदर (लडीतल्या दोऱ्याचे किती धागे सुटे करून भरायचं) भरले की लड्यांचा आकडा मिळतो. सलग पार्श्वभूमीला तो बरोबर बसतो. पाकळ्यांतल्या छटा, चेहऱ्यावरचे सुटे ठिपके आले की मात्र हमखास कमी पडतो. त्यापेक्षा ‘एका सुईत (सुईत एकदा ओवलेल्या दोऱ्यात) किती टाके’ हे माप जास्त खरं ठरलंय. त्यात काय जमतं आणि कुठे अडतं, ते इथे.

१४ काउंट आयडाचं (चौकोनी घरं विणलेल्या भरतकामाच्या कापडाचं) एक घर सुमारे १.८१ मिमीचं. एका दिशेने ओळभर अर्धे टाके घालून परतताना ते पुरे केले, तर एका क्रॉसला पुढचे दोन तिरके आणि मागचे दोन सरळ मिळून प्रत्येक पदराचे ८.८ मिमी जातात. दोरा ४५ सेंमीचा कापायचा. सुरुवातीचं आणि शेवटचं टोक दडवायला ३-३ सेंमी, शिवाय शेवटी सुईत उरून वाया जाणारे ५ सेंमी. उरतात ३४ सेंमी, म्हणजे ३८ टाके. ब्रँड डीएमसी काय किंवा अँकर काय, लडी ८ मीटरची आणि सहा पदरी. तिचे ४५ सेंमीचे १७ तुकडे होतात, दोन पदरी भरताना प्रत्येकाच्या ३ सुया, एकूण ५१. म्हणजे लडीमागे साधारण १,९०० टाके.

हे कागदावरचं झालं. हात सैल असेल तर ३८ चे ३५ होतात. प्रत्येक क्रॉस तिथल्या तिथे पुरा करत गेलात तरीही तेवढेच, कारण मागचा एक टाका सरळऐवजी तिरका जातो. म्हणून कापडाच्या कडेला एक सुई भरून टाके मोजा आणि पुढे तोच आकडा धरा. १६ काउंटवर दोन पदरी ४४ टाके निघतात, १८ वर ४९. ११ काउंटवर तीन पदर लागतात, तिथे सुईला ३० टाके आणि लडीच्या सुया फक्त ३४, म्हणजे जेमतेम हजार टाके.

खरी गंमत सुट्या टाक्यांची. आजूबाजूला त्या रंगाचं काहीच नसलेला एकटा टाका ७ मिमीचा, पण त्याची दोन टोकं दडवायला ६ सेंमी हवेत. सुईला ३८ ऐवजी ५ टाके! असे शंभर एकटे टाके २० सुया खातात. तेच शंभर सलग असते तर ३ सुयांत भागलं असतं. दहा-दहा टाक्यांचे पुंजके असतील तर सुईला २५ धरा. म्हणून नमुना हातात आला की रंगाचे टाके मोजण्याआधी त्याचे पुंजके मोजावेत. दोन-तीन घरांची उडी मागून मारली तर बरीच बचत होते, पण पांढऱ्या कापडावर गडद दोरा मागून दिसतो. तिथे कंजुषी नको.

बचतीचा दुसरा मार्ग लूपचा: एकच पदर मीटरभर घ्यायचा, दुमडायचा आणि पहिल्या टाक्याला मागे फासात अडकवायचा. सुरुवातीचं टोक दडवावं लागत नाही, सुईला ४७ टाके येतात आणि लडीतून २,२०० च्या पुढे. तीन पदरी कामाला हे चालत नाही. छटांच्या दोऱ्यालाही नाही, कारण दुमडल्यावर छटा उलटसुलट होतात. चमकीचा दोरा लवकर विसकटतो, तो ३० सेंमीचाच कापावा. सुईला २१ टाके पडतात, त्यामुळे लडी आपसूक जास्त लागते. बॅकस्टिच (कडा रेखणारे टाके) एक पदरी असेल तर एवढ्या हिशोबाची गरजच नाही.

मॅटीच्या कापडावर सावध राहा. १० सेंमीत आडवी आणि उभी घरं दोन्ही मोजा (१४ काउंटला ५५ हवीत). फरक निघाला तर नक्षी ताणलेली दिसते आणि दोऱ्याचा अंदाजही बदलतो.

उसवण्यासाठी दहा टक्के वर धरा, कारण उसवलेला दोरा पिंजतो, परत भरायच्या लायकीचा राहत नाही. हिशोब पाऊण लडीच्या वर गेला की सरळ दोन घ्या. पार्श्वभूमीच्या सगळ्या लड्या एकदमच घ्याव्यात, नंतर आणलेली त्याच नंबरची लडी किंचित वेगळी निघू शकते. डीएमसी ३१० च्या जागी अँकरचा ४०३ चालतो म्हणतात. काळ्यात ते खपतं, फिक्या रंगांत अशा जुळत्या नंबरांच्या तक्त्यावर विसंबू नका. आणि कमी पडलीच, तर नवी लडी एका सरळ रेषेपासून सुरू करू नये. जुन्यातल्या काही सुया राखून दोन्ही लड्या विखरून भरल्या की सांधा नजरेत येत नाही.