रोल२० की फाउंड्री: डीएमच्या खुर्चीतून

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (थोडक्यात डी अँड डी) सारखे पात्रं वठवायचे खेळ दूरदूरच्या मित्रांबरोबर खेळायचे तर रोल२० किंवा फाउंड्रीसारखं ऑनलाइन टेबल, म्हणजे नकाशा, फासे आणि पात्रं सांभाळणारं सॉफ्टवेअर, लागतं. ते निवडायची वेळ आली की गटात पहिला प्रश्न असतो, खेळाडूंना सोपं जाईल का? माझा अनुभव असा की खेळाडू कशालाही सरावतात. एक-दोन सेशनमध्ये फासे कुठून टाकायचे, पात्राची माहिती असलेली शीट कुठे उघडते हे त्यांना कळतं आणि विषय संपतो. आठवडाभर त्या सॉफ्टवेअरशी झटापट करायची असते ती डीएमला, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणाऱ्याला. त्यामुळे निवड त्याच्या सोयीनं व्हावी असं मला वाटतं. अर्थात हे मी डीएम म्हणून बोलतोय, तेव्हा त्यातला पक्षपात वजा करून घ्या.

आमचा गट पुणे, नाशिक, बंगळूर आणि एक जण थेट न्यू जर्सीत असा विखुरलेला. तिकडची शनिवार सकाळ आणि इकडची संध्याकाळ एवढीच काय ती सगळ्यांना जमणारी वेळ. रोल२०वर आम्ही भरपूर खेळलो, आता फाउंड्रीवर खेळतो. बोलणं दोन्हीकडे डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरच. आत दिलेली आवाजाची सोय आम्ही कधी वापरली नाही, म्हणून तिच्याबद्दल बोलत नाही.

रोल२०ची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यावर हल्ली जरा अन्यायच होतो. २०१२ साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे उभे करून आलेलं हे टेबल आजही नवख्या गटासाठी सगळ्यात कमी कटकटीचं आहे. खातं उघडा, दुवा पाठवा, खेळा. डीएमचा लॅपटॉप बंद असला तरी टेबल जागेवर असतं. बुधवारी रात्री कुणाला आपल्या जादूगाराचे मंत्र बदलायची हुक्की आली तर त्याला तुम्हाला उठवावं लागत नाही. ही सोय किती मोठी आहे ते गेल्यावर कळतं. शिवाय आडवळणाच्या खेळांच्या शीट्स तिथे ढिगानं मिळतात. एखाद्या रात्रीपुरता 'कॉल ऑफ कथुलू' खेळायचा असेल किंवा गटच नसेल आणि अनोळखी लोकांत सामील व्हायचं असेल, तर मी आजही रोल२०कडेच बोट दाखवीन.

मग सोडलं का? नकाशे, टोकन (नकाशावरच्या सोंगट्या), फासे यांत दोघांत एवढा फरक नाही की कुणी घर बदलावं. फरक पडला तो अंधारामुळे. तळघरात शिरलेल्या प्रत्येक खेळाडूला फक्त त्याच्या मशालीच्या उजेडातलं दिसावं, भिंतीपलीकडचं दिसू नये, ही डायनॅमिक लायटिंगची चैन एकदा सवयीची झाली की साध्या नकाशावर परतणं जड जातं. रोल२०वर ती सशुल्क सदस्यांसाठी आहे. ज्यानं गेम तयार केला त्याच्या खात्याला सबस्क्रिप्शन हवं. रक्कम काही जीव जाईल अशी नाही. दर महिन्याला बाहेर एकदा चहा-नाश्ता कमी केला की भागतं.

अडचण रकमेची नव्हतीच. १ ऑक्टोबर २०२१ पासून आपल्याकडे कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना नवे नियम लागू झाले. आधी ई-मँडेटची, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेल्या परवानगीची, नोंदणी, पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना, ठरावीक रकमेच्या वर ओटीपी. नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे आणि नको असलेली सबस्क्रिप्शन्स गुपचूप पैसे खात राहायची, ते त्यानं थांबलं. पण परदेशी व्यवहारांत हे मँडेट जुळणं हा नशिबाचा भाग. माझ्या बँकेनं कधी ते जुळवलं, कधी नाही. ग्राहक सेवेला फोन लावला तर तिथल्या माणसाला मी ऑनलाइन जुगार खेळतोय असं वाटलं. फासे, टेबल, डॉलर असे शब्द एका वाक्यात आल्यावर त्याचं तरी काय चुकलं म्हणा.

हे नाकारलं जाणं नेमकं केव्हा लक्षात यायचं? सगळे जमल्यावर. पैसे कापले गेले नाहीत अशी मेल जाहिरातींच्या ढिगात पडलेली, लायटिंग बंद, आणि मी रात्र रात्र बसून ज्या गुहेच्या भिंती आखल्या ती आता नकाशा झाकणारं धुकं हातानं सारत दाखवायची. 'थांबा, एक मिनिट, ओटीपी येतोय' हे वाक्य आमच्या गटात थट्टेचा विषय झालं. यात रोल२०चा काडीचाही दोष नाही, हे स्पष्ट सांगतो. वर्षाचे पैसे एकदम भरले तर हा त्रास वर्षातून एकदाच होतो, तोही मार्ग आहे. न्यू जर्सीतला मित्र तर म्हणाला, तुझ्या खात्याला माझं कार्ड लाव. पण माझ्या गुहेतला अंधार दुसऱ्याच्या कार्डावर चालणार हे काही मनाला पटेना. तुम्हाला हा त्रास क्षुल्लक वाटेल, आणि तुमच्या बँकेशी तुमचं बरं जमत असेल तर तो क्षुल्लकच आहे.

फाउंड्री मे २०२० मध्ये बाजारात आलं. एकदाच ५० डॉलर आणि वर कर, म्हणजे रुपयांत चार-पाच हजारांच्या घरात. ओटीपी एकदाच, तोही दुपारी निवांत बसून. परवाना फक्त डीएमनं घ्यायचा, खेळाडू ब्राउझरमधून फुकट येतात. लायटिंग त्यातच आली. भिंती, दारं, खिडक्या आखण्याचं काम मला तिथे जास्त गोडीचं वाटतं. दाराला कुलूप लावून ठेवा आणि खेळाडूला त्यावर क्लिक करू द्या: दार उघडत नाही, नुसतं खडखडतं. मग डिस्कॉर्डवर एक क्षण शांतता, आणि कुणीतरी म्हणतं, 'चोराला पुढे पाठवा.' हे मोजता येत नाही, पण माझ्या लेखी त्याचं वजन बरंच आहे.

खेळ कोणता यावरही बरंच अवलंबून आहे. डी अँड डीच्याच जातकुळीतल्या पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती खेळत असाल तर फार विचार करू नका. तिचे नियम खुल्या परवान्यावर असल्यानं फाउंड्रीवर ते वेगळे पैसे न मोजता मिळतात, आणि स्वयंसेवकांनी ते इतक्या निगुतीनं बसवलेत की कोणता बोनस कुठून आला हे डीएमला आठवावं लागत नाही. डी अँड डीचं अधिकृत साहित्य मात्र रोल२०वर फार आधीपासून विकत मिळतं. तिथे तुमची पुस्तकं आधीच घेतलेली असतील तर ती सोडून येणं खिशाला लागेल.

फाउंड्रीचा खरा धोका मॉड्यूलचा, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या सोयींचा, आहे. एक पावसाचं, एक फासे चमकवण्याचं, एक टोकनच्या पावलांच्या आवाजाचं असं करत करत गणपतीच्या आरासीसारखी गत होते: मूर्ती दारात आली तरी आपण अजून माळाच लावतोय. त्यात मोठी आवृत्ती आली की काही मॉड्यूल मागे राहतात. मी कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एक गोष्ट) चालू असताना मोठी आवृत्ती घेत नाही, आणि घेतली तर आधी सगळ्याची प्रत काढून ठेवतो. ज्यांना असल्या खुडबुडीत रस नाही त्यांना हे सगळं ओझं वाटेल, आणि त्यांचं बरोबरच असेल.

मराठीतून खेळवणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. फाउंड्रीत आपला फाँट चढवता येतो. मी 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' चढवला आणि नकाशावर 'पडका वाडा', 'म्हसोबाचा माळ' अशी नावं लिहिली. जोडाक्षरं व्यवस्थित येतात.

इतरांबद्दल थोडक्यात. फँटसी ग्राउंड्स २००४ पासून आहे, त्याचे भक्त कट्टर आहेत, पण मी त्यात रमलो नाही. आउलबेअर रोडिओ मात्र जरूर बघा. नकाशा, टोकन, धुकं, बस्स. खेळाडूंना खातंसुद्धा लागत नाही आणि फोनवर ते बरं चालतं. फाउंड्रीला मोठा पडदा लागतो. तुमचे निम्मे खेळाडू फोनवरून येणार असतील तर इथपर्यंतची सगळी तुलना बाजूला ठेवून आउलबेअर घ्या.

आता ती एक गोष्ट जी फाउंड्री घेणाऱ्याला कुणी आधी सांगत नाही. ते चालतं तुमच्या लॅपटॉपवर, आणि खेळाडूंनी तिथवर पोहोचायचं असतं. राउटरमध्ये ३०००० नंबरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडा, असं प्रत्येक व्हिडिओत सांगतात. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती फायबर जोडण्यांवर त्याचा काही उपयोग होत नाही, कारण एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. याला सीजीनॅट म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे: राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर पोर्ट उघडत बसू नका. माझ्या जोडणीवाल्याकडे वेगळा पत्ता मागितला तर त्यानं मला व्यावसायिक प्लॅनचं दरपत्रक पाठवलं.

मार्ग आहेत. पोर्ट न उघडता खेळाडूंना लॅपटॉपपर्यंत आणणारी क्लाउडफ्लेअर टनेल किंवा टेलस्केलसारखी सोय लावता येते. द फोर्जसारख्या ठिकाणी फाउंड्री भाड्यानं ठेवता येतं, पण मग सबस्क्रिप्शन पुन्हा मागच्या दारानं आत येतं. मी टनेल लावलाय. नकाशे वेबपी स्वरूपात बारीक करून ठेवले की नाशिकवाल्यालाही पटकन उघडतात. वीज गेली तर खेळ थांबतो, त्यावर इन्व्हर्टर सोडून उपाय नाही.

तेव्हा पैसे भरण्याआधी राउटरचं पान उघडून तो पत्ता बघा. तो १००च्या घरातला असेल, टनेल हा शब्द ऐकूनच कंटाळा येत असेल आणि कार्ड बिनबोभाट चालत असेल, तर रोल२०चं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊन मोकळे व्हा. नाहीतर एक रिकामी दुपार काढून फाउंड्री बसवून टाका.