छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी सॅफारीलँड कॉम्प वन स्पीडलोडर: घ्या, पण आधी ग्रिप बघा

इथे टेक्सासमध्ये आपले बरेच मराठी लोक आता रेंजवर यायला लागलेत आणि छोटी रिव्हॉल्व्हर घेतली की प्रत्येकाची तक्रार तीच, स्पीडलोडर (सगळे राउंड, म्हणजे गोळ्या, बंदुकीच्या फिरत्या सिलिंडरमध्ये एकदम भरायचं साधन) नीट बसत नाही, दुसरा कुठला घेऊ? त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

माझ्याकडे स्मिथ अँड वेसनची ६४२ आहे, म्हणजे जे फ्रेम (कंपनीचा छोटा सांगाडा), ३८ स्पेशल जातीच्या गोळ्यांची, ५ राउंडची, नळी १.८७५ इंच. तिला मी कॉम्प वन लोडर वापरतो आणि मला तो मनापासून आवडलाय. भरताना राउंड बसवायचे, घुंडी दाबून फिरवायची की लॉक. सिलिंडरमध्ये टाकताना फिरवाफिरवी काहीच नाही, नुसता आत दाबला की मधला भाग एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीवर (सिलिंडरच्या मधोमधचा, पुंगळ्या बाहेर काढणारा चांदणीसारखा भाग) टेकतो आणि पाचही राउंड एकदम सुटतात, फक्त नळी खाली हवी. एचकेएस कंपनीचा ३६ नंबरचा लोडर पण दणकट आहे, त्यात सोडायला घुंडी फिरवावी लागते, पण त्याची बॉडी जरा रुंद आणि जे फ्रेमवर तेवढ्यानेही फरक पडतो.

कारण खरी गोम ग्रिपमध्येच, म्हणजे बंदुकीच्या मुठीतच आहे. सिलिंडर डावीकडे उघडतो आणि डाव्या ग्रिपची वरची कड नेमकी तिथेच आडवी येते. मित्राच्या याच मॉडेलवर एक जाड रबरी ग्रिप होती (कंपनी कुठली ते राहू दे), हातात मस्त भरायची, रिकॉइल (गोळी सुटल्यावरचा झटका) पण कमी जाणवायचा, पण लोडर लावला की तिला अडून तिरका व्हायचा, तीन राउंड भोकात आणि दोन बाहेर कडेवर टेकलेले, मग वरून कितीही दाबा काही सुटत नाही. रिकामं करताना पण तोच ताप, एकतर या बंदुकीचा एजेक्टर रॉड (पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडी) आखूड, त्यात ग्रिपजवळची रिकामी पुंगळी कडेला आपटली की तिथेच अडकून बसते.

उपाय घरी होतो. बंदूक रिकामी आहे ना ते दोनदा बघा, खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा आणि लोडरमध्ये डमी राउंड (न उडणाऱ्या नकली गोळ्या) भरा. लोडरच्या कडेला थोडी लिपस्टिक लावून बसवून बघा, जिथे अडतं तिथे ग्रिपवर लाल डाग उमटतो. मग स्क्रू काढून ग्रिप वेगळी करायची, गोल दांड्याला १२० नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळून फक्त तो डाग घासायचा, लावून बघायचं, परत थोडं घासायचं, लोडर सरळ खाली बसेपर्यंत. लाकडी ग्रिपवर हे काम फार सुंदर होतं, शेवटी बारीक पेपर मारून तेलाचा हात दिला की कोरलेलं कळतसुद्धा नाही. रबर मात्र पॉलिशपेपरला दाद देत नाही, त्याला ड्रेमेलचा (हातात धरायचं छोटं फिरतं यंत्र) सँडिंग ड्रम लागतो आणि तो हळूच चालवा, एकदा गेलेलं रबर परत येत नाही.

ग्रिपला हातच लावायचा नसेल तर बियांकीची स्पीड स्ट्रिप घ्या, चपटी पट्टी आहे, खिशात कळत नाही, दोन दोन राउंड भरत जायचे. लोडरपेक्षा वेळ जास्त लागतो पण ग्रिप आड येत नाही.

आणि नवीन ग्रिप ऑनलाइन घेत असाल तर डाव्या बाजूचा फोटो मागवा, उजव्या बाजूच्या फोटोवरून यातलं काहीच कळत नाही.