हाडांसाठी विरळ हवा की जड बारबेल?

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीच्या रिपोर्टवर टी-स्कोअर उणे एक आणि उणे अडीचच्या मधे आलाय, म्हणजे हाडं थोडी विरळ झालीत, आणि डॉक्टर म्हणतात, ‘गोळ्या इतक्यात नकोत, व्यायाम वाढवा.’ पन्नाशीच्या आसपासच्या माझ्या बऱ्याच मैत्रिणी सध्या इथेच येऊन थांबल्या आहेत. तळजाईला नाहीतर हनुमान टेकडीवर चालायला सगळ्याच जातात. प्रश्न त्यापुढचा आहे. उंचावरच्यासारखी कमी ऑक्सिजनची विरळ हवा देणारा मास्क लावून ट्रेडमिलवर चालायचं, की जिममध्ये वजनं उचलायची? मी दोन्ही करून पाहिलंय.

कमी ऑक्सिजनच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही. ऑक्सिजन घटला की पेशींना ते कळतं आणि एचआयएफ नावाचं प्रथिन कामाला लागतं. पेशींना हे कसं कळतं, ते शोधणाऱ्या तिघांना 2019 चं नोबेल मिळालं. हाडांमध्ये हेच प्रथिन नव्या रक्तवाहिन्यांना चालना देतं आणि त्यांच्या आधाराने नवं हाड तयार होतं. पण ऑक्सिजन फार कमी झाला आणि बराच वेळ तसाच राहिला, तर हाड झिजवणाऱ्या पेशीही वाढतात. म्हणजे सगळं मात्रेवर आलं. पाळी गेलेल्या बायकांसाठी ती मात्रा अजून पक्की झालेली नाही. जे अभ्यास झालेत ते छोटे, थोड्या काळाचे, आणि त्यांचे निष्कर्ष एका दिशेने जात नाहीत.

मास्कचा एक गुण मात्र मनापासून सांगते. साध्या चालण्यात चांगला दम लागतो आणि गुडघ्यांवर फारसा भार येत नाही. संधिवात असलेल्या बाईसाठी ही मोठीच सोय आहे.

मला अडलं ते बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरपाशी. ठरवलेल्या आकड्याखाली ऑक्सिजन गेला की तो वाजतो, आणि तिथली मुलगी लगेच चढ कमी करते, वेग उतरवते. सुरक्षिततेसाठी ते बरोबरच आहे. पण पाय आत्ता कुठे तापलेले असतात, आणखी जोर लावावासा वाटत असतो, आणि नेमकं तेव्हाच मशीन मंदावतं. दर वेळी हेच. छातीला व्यायाम होत होता, हाडांवर मात्र टेकडी चढताना येतो तेवढाही भार येत नव्हता. हाड वाढतं ते त्याच्यावर पडणाऱ्या ताणामुळे, नाडीच्या ठोक्यांमुळे नाही. धावपटूंनाही हे ठाऊक आहे. त्यांच्यातले कित्येक जण मुक्काम उंचावर करतात आणि जोरकस सरावासाठी खाली उतरतात, कारण विरळ हवेत पूर्ण ताकद लावता येत नाही.

वजनांचं पारडं मला इथेच जड वाटलं. ऑस्ट्रेलियातला लिफ्टमोर हा प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या 101 बायका त्यात होत्या. त्यातल्या एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास प्रशिक्षकाच्या नजरेखाली डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलणं), स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), ओव्हरहेड प्रेस (वजन डोक्यावर नेणं) आणि उडी मारून जमिनीवर उतरणं असा व्यायाम केला. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता 2.9 टक्के वाढली, आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची 1.2 टक्के घटली. ही वजनं खरोखर जड होती, गुलाबी डंबेल्स नव्हेत.

माझ्यापुरतं म्हणाल, तर मांडी घालून बसल्यावर आता हात न टेकता उठता येतं आणि पर्वती उतरताना कठडा धरावा लागत नाही. हा पुरावा नव्हे, पण मला तो पुरतो.

काही जणी म्हणतात, विरळ हवा हवी तर सिंहगड आहेच की, तीही फुकट. पुणे साधारण 560 मीटरवर, सिंहगड 1300 च्या आसपास. मास्कमधून सहसा अडीच हजार मीटरच्या पुढची हवा देतात, तेव्हा गडावर तो परिणाम शोधू नका. गड उतरताना पायऱ्यांवर पडणारं प्रत्येक पाऊल मात्र हाडांच्या कामाचं आहे.

तरीही मास्ककडेच कल असेल, तर आधी हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. रक्तच कमी असेल तर विरळ हवेचा त्रास तेवढा होईल, फायदा नाही. लेहला किंवा उंचावरच्या ट्रेकला निघाला असाल तर गोष्ट वेगळी, तिथे मास्कची सवय उपयोगी पडू शकते.

वजनांकडे वळलात तर जिम निवडताना तिथल्या चकचकाटापेक्षा प्रशिक्षक पाहा. रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवा आणि पहिल्या दिवशी काय करायचं ते विचारा. वजनं न लावलेली रिकामी बार हातात देऊन, पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकायला शिकवणार असेल तर नाव घाला. मणक्याची हाडं विरळ असताना क्रंचेसपासून, म्हणजे पाठ वाकवून करायच्या पोटाच्या व्यायामापासून, सुरुवात करणार असेल तर दुसरी जिम शोधा.