रत्नागिरीत आईचा कॉन्ट्रास्ट एमआरआय केला त्याचा अनुभव

गेल्या आठवड्यात आईचा ब्रेनचा एमआरआय केला, कॉन्ट्रास्टवाला, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून डाय देतात तो. राजापूरहून पहाटेची एसटी धरली. सेंटर छोटंच आहे पण क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट बघितल्याशिवाय सुई लावायला तयार नाहीत, मला हे फार आवडलं, कारण आईला शुगर आहे आणि मागे दुसऱ्या एका ठिकाणी हे कोणी विचारलंच नव्हतं, फॉर्मवर सही घेतली आणि आत नेलं. आत्ता विचार केला की भीती वाटते.

इथल्या मॅडमनी बसवून सगळं सांगितलं. डायमध्ये गॅडोलिनियम असतं, ते मोकळं असलं तर विषारी, म्हणून केमिकलच्या पिंजऱ्यात बांधून देतात आणि ते किडनीवाटे बाहेर जातं. किडनी अगदीच कमजोर असेल तर अंगात रेंगाळतं, त्यातून कातडी कडक होण्याचा आजार होतो हे २००६ च्या सुमारास लक्षात आलं.

मी विचारलं, डाय कमी देऊन नाही का भागत? तर म्हणाल्या त्यावरच संशोधन चाललंय, झाडांचे व्हायरस घेऊन! चवळीवरचा मोझॅक व्हायरस साधारण ३० नॅनोमीटरचा गोळा, तंबाखूवरचा ३०० नॅनोमीटर लांब पोकळ नळी, तिच्यात २१३० प्रोटीनचे तुकडे एकसारखे रचलेले. त्यावर गॅडोलिनियम बसवायचं. सुटं गॅडोलिनियम पाण्यात भराभर गरगरतं, व्हायरसला चिकटलं की सावकाश फिरतं आणि सिग्नल जास्त उजळ येतो, शिवाय एकाच कणावर शेकडो बसतात. माणसाला हे व्हायरस आजारी पाडत नाहीत. आई लगेच, "अगो बाय, चवळीची पानं पिवळी पडली की आम्ही रोप उपटून टाकायचो, त्यातलं औषध करणार?" मॅडम म्हणाल्या अजून उंदरांवरच चाललंय, आपलं शरीर हे कण परके म्हणून ओळखतं, लिव्हर आणि प्लीहा ते गोळा करतात, तेव्हा ते किती दिवस अंगात राहतात हे आधी बघायला लागेल. खोटी आशा दाखवली नाही, मला तेच जास्त पटलं.

मशीनचा आवाज भयंकर आहे, कानात बोळे देतात ते घट्ट बसवून घ्या. डाय जाताना हात गार पडला म्हणाली आई, बाकी त्रास काही नाही. रिपोर्ट संध्याकाळी मिळाला, आमची पाचची गाडी चुकली, एवढ्यासाठी एक स्टार कमी. लांबून येणाऱ्यांनी सकाळी पहिला नंबर मागून घ्या, आणि क्रिएटिनिन गावातच करून आणा.