एलईडी दिवा: ॲपवरून की फिरत्या कळीवरून?
चित्रीकरणासाठी सोबत नेता येणारा छोटा एलईडी दिवा निवडताना, प्रकाश किती पडतो याइतकाच तो कसा बदलता येतो हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दिवा उंच स्टँडवर बसवलेला असेल, तर ब्लूटूथने जोडलेल्या ॲपची सोय मोठी आहे; कॅमेऱ्यामागून न हलता रंगतापमान, म्हणजे प्रकाशाचा पांढरे-पिवळेपणा, 5600 केल्विनवरून (दिवसासारखा पांढरा) 3200 वर (पिवळसर) आणता येते आणि बऱ्याच ॲपमध्ये दोन-तीन दिव्यांचा गट करून ते एकदमच मंद करता येतात. मात्र त्याच फोनवर चित्रीकरण चालू असेल, तर ॲप उघडताच चित्रीकरण सहसा थांबते, आणि ही अडचण मला फार मोठी वाटते.

मागे फिरती कळ असलेल्या दिव्याजवळ प्रत्येक वेळी जावे लागते, हे खरे. परंतु अंगठ्याने ती किंचित फिरवावी आणि नाकाच्या शेंड्यावरची चकाकी हळूहळू उतरताना थेट पाहावी, ही अचूकता फोनच्या काचेवर बोटाने सरकवायच्या पट्टीत सहसा मिळत नाही. रंगांचा खरेपणा दोन्ही पद्धतींत सारखाच राहतो, कारण तो एलईडीच्या दर्जावर अवलंबून असतो. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात हे दाखवणारा शंभरपैकी अंक, 95 च्या पुढे असावा. एकट्याने काम करणाऱ्याने ॲप घ्यावे, पण कळ नसलेला दिवा मी सुचवणार नाही.